चिंचोक्याचा आवाज

एका जंगलात, ओढ्याच्या अलीकडे, करवंदीच्या जाळीत एक सशीण राहत असे. मुलांनो, ससे भित्रे असतात हे तुम्हाला शाळेत शिकवलेच असेल. पण ही सशीण सशांमध्येसुद्धा भित्री म्हणून प्रसिद्ध होती. पान पडले की ती दचकत असे, आणि पान पडले नाही तर आता पडेल म्हणून दचकत असे. तिला एकच पिल्लू होते. त्यामुळे तिच्या भीतीला राहायला कायमची जागा मिळाली होती.

त्याच जंगलात, कातळाच्या फटीत, एक म्हातारी घोरपड राहत असे. ती वैद्य होती. दिसायला ती वैद्यासारखी दिसत नसे हे मान्य केले पाहिजे. अंग खरखरीत, आणि बोलणे अंगापेक्षा खरखरीत. रोग्यापाशी आली की ती आपली लांब, दुभंगलेली जीभ बाहेर काढून हवेत फिरवी. त्या जिभेने तिला रोगाचा वास कळत असे. मग कुड्याची कडू साल चघळायला देऊन ती म्हणे, "डोहाचं पाणी बंद. झऱ्याचं प्यायचं." एवढे सांगून ती निघून जाई. "काळजी करू नका" असे ती कधी म्हणत नसे, आणि रोग्याच्या नातेवाइकांना नेमके तेच ऐकायचे असे.

म्हणून तिला कोणी आधी बोलावत नसे. आधी घरातल्या म्हाताऱ्यांचा सल्ला होई. मग कोल्ह्याला बोलावणे जाई. वणव्यात जळालेल्या पळसाची राख कोल्ह्याकडे होती. ती तो रोग्याच्या कपाळाला लावी, डोळे मिटून तीनदा कुई करी आणि म्हणे, "उद्यापर्यंत उतार पडेल." उद्या उतार पडला नाही की पुन्हा राख. रोग्याचे डोळे पांढरे होऊ लागले म्हणजे कोणीतरी घोरपडीकडे धावे. घोरपड येई, जीभ फिरवी आणि म्हणे, "उशीर केलात." आणि रोगी मरे.

असे नऊ वेळा झाले. तेव्हा जंगलाने नीट विचार करून ठरवले की घोरपड जिथे जाते तिथे मरण जाते. ती त्या जिभेने जीव चाटून नेते. पाऊस आला की बेडूक ओरडतात, पण पूर बेडकांनी आणला असे कोणी म्हणत नाही. अर्थात, बेडूक वैद्य नसतात.

आता तुम्ही विचाराल की तिच्या औषधाने कोणीच बरे होत नव्हते का? होत होते की. जे वेळेवर जात ते बरे होत. पण ते निवडुंगामागच्या वाटेने, कोणाला न दिसता जात, आणि बरे झाल्यावर कोणाला काही सांगत नसत. मेलेल्यांचे नातेवाईक मोठ्याने रडतात. बरे झालेले गुपचूप गवत खातात. आदल्या वर्षी सशिणीच्या पिल्लाला ढाळ लागले होते. ती पहिल्याच दिवशी निवडुंगामागून गेली आणि चौथ्या दिवशी पिल्लू उड्या मारू लागले. शेजारच्या हरिणीने विचारले, "काय केलंस गं, इतक्या लवकर बरं झालं ते?"

"काही नाही हो हरिणीताई," सशीण म्हणाली, "आपोआपच बरं झालं."

हे खोटे फार लहान होते. सशाच्या शेपटीएवढे.

पुढच्या उन्हाळ्यात डोह आटला. उरलेल्या पाण्यावर हिरवी साय धरली आणि जंगलभर ढाळाची साथ पसरली. घोरपड दारोदार जाऊन सांगू लागली, "डोहाचं पाणी पिऊ नका." ती येताना दिसली की लोक पिल्लांना बिळात ओढून घेत आणि तोंडावर माती लोटून घेत. तेव्हा कोल्ह्याने सभा बोलावली आणि ठराव मांडला : घोरपडीला ओढ्यापलीकडे हाकलावे आणि कोल्ह्याला जंगलाचा वैद्य नेमावे.

त्या जंगलात मत देण्याची एक रीत होती. समोरासमोर दोन जुने पोकळ बुंधे होते, एक ऐनाचा आणि एक सागाचा. ठराव नको असेल तर चिंचोका ऐनाच्या ढोलीत टाकायचा, हवा असेल तर सागाच्या. पूर्वी हे पानांच्या आडोशाने होत असे. पण एका वर्षी एका माकडाने बारा चिंचोके टाकले. तेव्हापासून चिंचोका सगळ्यांच्या देखत, वर धरून, दाखवून टाकायचा असा नियम झाला. एका माकडाची चोरी थांबली आणि सगळ्या जंगलाचा धीर सुटला. शिवाय जो येणार नाही तो ठरावाच्या बाजूने धरला जाई, कारण विरोध असता तर तो आला असता. हे सगळे नियम कासवाला पाठ होते. सगळे त्याला कासवतात्या म्हणत.

सशिणीने त्याला गाठून हळूच विचारले, "तात्या, समजा एखाद्याला घोरपड नको असेल, पण कोल्हाही वैद्य म्हणून नको असेल, तर त्याने कुठे टाकायचा?"

"ठराव एक आहे," कासव म्हणाले. "चिंचोका अर्धा करता येत नाही."

"आणि समजा एखाद्याला यायचंच नसेल?"

"तर त्याचा सागात धरू. त्याला चालायचे कष्टही नाहीत."

मतदानाच्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत कोणी कोणाची शिकार करायची नाही, असाही एक नियम होता. नियम चांगला होता. पण कोल्ह्याची आठवण चांगली होती, आणि ती सूर्य मावळल्यावरही शाबूत राहत असे. तो सागाच्या बुंध्याशेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत होता. ऐनाच्या बुंध्याशेजारी घोरपड एकटीच बसली होती.

पहिला चिंचोका तिनेच टाकला. ऐनाची ढोली रिकामी होती. चिंचोका आत कुठेतरी खोल आपटला आणि 'टक' असा आवाज झाला. एवढा मोठा, की झाडावरचे बगळे उडाले.

मग रांग सुरू झाली. रानडुक्कर पुढे गेले; ते सागाकडे वळले. त्याच्या मागचे भेकर सागाकडे वळले. प्रत्येक जण पुढच्याकडे बघत होता आणि पुढच्याच्या पावलांवर पाऊल टाकत होता. सागाची ढोली इतकी भरली की त्यात पडणाऱ्या चिंचोक्याचा आवाजही येईना. सशिणीच्या पुढे हरिणी होती. ती ऐनापाशी क्षणभर थबकली. सशिणीच्या मनात आले, हिने टाकला तर मीही टाकीन. हरिणीचे कान हलले. मग तीही सागाकडे गेली.

आता सशिणीची पाळी आली. चिंचोका तोंडात ओला झाला होता. ऐनाकडे चार उड्या, सागाकडे चार उड्या. घोरपडीने तिच्याकडे बघितलेही नाही. त्या म्हातारीने जंगलात कधी कोणाला ओळख दाखवली नव्हती. सशिणीला दिसत होती ती फक्त ती काळी ढोली, आणि तिच्या तळाशी दबून बसलेला तो 'टक' आवाज. तो झाला की कोल्ह्याची मान वळेल. मान वळली की त्याला करवंदीची जाळी आठवेल. जाळी आठवली की पिल्लू आठवेल.

"या, सशीणबाई," कोल्हा म्हणाला. "पिल्लू बरं आहे ना? मोठं झालं असेल आता."

सशीण सागाकडे गेली. तिचा चिंचोका आवाज न करता पडला.

कासवाने दोन्ही ढोल्यांत पाहून निकाल सांगितला. ऐनात एक चिंचोका निघाला, आणि तो कोणाचा हे सगळ्यांनी ऐकलेच होते. घोरपड उठली. जाताना एवढेच म्हणाली, "डोहाचं पाणी तेवढं पिऊ नका." लोक म्हणाले, बघा, जाता जाताही शाप देऊन गेली.

ओढ्यापलीकडे तरसाचा माळ होता. तिथे हाडांशिवाय काही उगवत नसे. आणखी एक ठराव त्याच दमात झाला, की जो ओढा ओलांडून घोरपडीकडे जाईल त्याला जंगलात परत घ्यायचे नाही. तो सागात पडला हे सांगायला नको.

आठ दिवसांनी सशिणीचे पिल्लू आजारी पडले. सकाळी ते मलूल होते, दुपारी त्याचे कान थंड पडले, आणि पोट असे आत गेले की बरगड्या मोजाव्यात. सशिणीला औषध ठाऊक होते. औषध देणारी कुठे आहे तेही ठाऊक होते. तिला तिथे कोणी पाठवले तेही ठाऊक होते. ती कोल्ह्याकडे गेली. त्याने पिल्लाला हुंगले, जरा जास्तच वेळ हुंगले, राख लावली आणि कुई केली. "उद्यापर्यंत उतार पडेल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पिल्लाने आईकडे बघितले आणि त्याला ती ओळखू आली नाही.

तेव्हा सशिणीने त्याला मानेला धरून उचलले आणि भर दुपारी ओढा ओलांडला. तरस दुपारी झोपते असे तिने ऐकले होते. ऐकलेल्या गोष्टींवर आपण किती विश्वास ठेवतो हे तिला त्या माळावर पहिल्यांदाच जाणवले. वाट तरसाच्या गुहेवरून जात होती. गुहेच्या तोंडाशी शिंगे पडली होती, खूर पडले होते, आणि आतून श्वास ऐकू येत होता. सावकाश, ओला श्वास. सशीण एक पाऊल टाकी आणि थांबे. एकदा पिल्लू तिच्या तोंडात कण्हले, आणि आतला श्वास थांबला. सशीण तिथेच दगडासारखी बसली. ऊन तिच्या पाठीवरून सरकून बाजूच्या कवटीवर गेले. मग श्वास पुन्हा सुरू झाला. त्यानंतरची वाट आपण कशी कापली हे तिला पुढे कधीच आठवले नाही.

माळ संपतो तिथे झऱ्याकाठी, कुड्याच्या झाडाखाली एक खडक होता आणि खडकाखाली घोरपड होती. पण सशीण तिथे पोचली तेव्हा तिला पुढे जाता येईना. पुढे रांग होती.

सर्वांत पुढे रानडुक्कर आपले एक पोर ढकलत उभे होते. त्याच्या मागे भेकर होते. आणि भेकराच्या मागे, सशिणीच्या अगदी पुढे, कोल्हा होता. त्याने आपले पिल्लू मानेला धरून तोंडात घेतले होते. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काही बोलता येत नव्हते. सशिणीच्याही तोंडात पिल्लू होते. दोघांनी एकमेकांकडे बघितले, आणि मग सगळ्यांसारखे आपापल्या पायांकडे बघू लागले. मतदानाच्या दिवशी उभी होती तीच ही रांग होती. फक्त त्या दिवशी प्रत्येकाला वाटत होते की घोरपडीकडे जाणारे आपण एकटेच.

सशिणीचा नंबर आला. पिल्लाला खाली ठेवून ती म्हणाली, "मावशी, त्या दिवशी मी सागात टाकला."

"ते मागाहून," घोरपड म्हणाली. "त्याचं तोंड उघड. किती दिवस झाले?"

"दोन."

"डोहाचं पाणी?"

घोरपडीने जीभ फिरवली, साल चावून मऊ केली आणि पिल्लाच्या तोंडात घातली. "संध्याकाळपर्यंत इथेच थांब. झऱ्याचं पाणी थेंब थेंब दे. रडू नकोस, त्याचा उपयोग नाही."

तेवढ्यात हरिणी आली. तिचे पाडस चार पावले चालत होते आणि पडत होते, आणि ती त्याला नाकाने उठवत होती. रांगेने वाट दिली. घोरपडीने पाडसाजवळ जाऊन बराच वेळ जीभ फिरवली.

"किती दिवस?"

"सहा," हरिणी म्हणाली. "लोक काय म्हणतील म्हणून... सशिणीचं पिल्लू आपोआप बरं झालं होतं. मला वाटलं, आमचंही होईल."

सशिणीने हे ऐकले. तरसाचा श्वास ऐकताना तिला भीती वाटली होती. पण हे ऐकून जे वाटले ते त्याहून वाईट होते, कारण त्यापासून पळता येत नव्हते. घोरपडीने साल दिली, पाणी दिले, आणि पाडसाच्या डोक्याशी बसून राहिली. ऊन उतरायच्या आत ते गेले. सशिणीच्या पिल्लाने त्याच सुमारास डोळे उघडले आणि आईचा कान चावला.

चार दिवसांनी कोल्ह्याने पुन्हा सभा बोलावली. "दहावा बळी," तो दोन्ही बुंध्यांच्या मध्ये उभा राहून म्हणाला. "हरिणी ठराव मोडून पलीकडे गेली आणि तिचं पाडस मेलं. आता घोरपड जिवंत राहिली तर आपण राहणार नाही. तिला खडकाखालून ओढून काढायचं आणि मारायचं. आणि हरिणीला तिकडेच, तरसाकडे, पाठवायचं. घ्या चिंचोके."

हरिणी मान खाली घालून उभी होती. रानडुकराने घसा खाकरला आणि तेवढ्यावरच थांबले. भेकर पाला बघत होते. सशिणीने पिल्लाला पोटाशी धरले. आपण आता गप्प बसलो, तर उरलेला जन्म गप्पच बसावे लागेल, हे तिला कळले. आणि आपण बोललो, तर उरलेला जन्म फार मोठा नसेल, हेही कळले.

"तात्या," ती म्हणाली, "मला बोलायचंय."

"नाव?" कासवाने विचारले.

"सशीण."

"राहणार?"

"करवंदीची जाळी. तात्या, तुम्ही शेजारीच राहता."

"विचारावं लागतं. बोल."

"मीही पलीकडे गेले होते," सशीण म्हणाली. "गेल्या वर्षीही मी निवडुंगामागून गेले होते. माझं पिल्लू आपोआप बरं झालं नव्हतं. दोन्ही वेळा घोरपडमावशीनं वाचवलं. हरिणीताई, मी तुमच्याशी खोटं बोलले."

हरिणीने मान वर केली.

"बघा," कोल्हा हसून म्हणाला. "सशिणीला भ्रम झालाय. आहे कोणी साक्षीला?"

"तुम्हीच आहात, कोल्होबा. मी तुमच्या मागे उभी होते. तुमच्या पिल्लाच्या पोटावर पांढरा ठिपका आहे. तुम्ही ते तोंडात धरलं होतं, म्हणून आपलं बोलणं झालं नाही."

सगळ्यांच्या माना वळल्या. कोल्ह्याचे पिल्लू आईच्या आडून डोकावत होते. ते गुबगुबीत दिसत होते. चांगलेच बरे झाले होते.

"मी तिकडे पाहणीसाठी गेलो होतो," कोल्हा म्हणाला.

"पोराला घेऊन?" वरून माकडाने विचारले.

रानडुकराने या वेळी घसा खाकरून पुढे बोलायचे धाडस केले. "मी कोल्होबांच्याही पुढे होतो," ते म्हणाले. मग भेकर बोलले. मग एक साळिंदर म्हणाले की आपण तर तीन वेळा गेलो. शेवटी हरिणी म्हणाली, "माझं पाडस घोरपडीनं नाही मारलं. मीच सहा दिवस घरी ठेवलं होतं." हे ती अगदी हळू म्हणाली, आणि ते सगळ्यांना ऐकू गेले. त्या दिवशी एकही चिंचोका पडला नाही.

पण मुलांनो, ठराव म्हणजे ठराव. पुढच्या चिंचा पिकेपर्यंत तो बदलता येत नाही, असे कासवतात्यांनी समजावून सांगितले. तेव्हा कोल्हा वर्षभर वैद्य राहिला आणि राखेवर बसून राहिला. ज्यांना औषध हवे होते ते ओढ्यापलीकडे जात राहिले, आता घोळक्याने आणि उघड. परत न घेण्याचा ठरावही होताच, पण अडवायला न गेलेला कोणी उरला नव्हता. तरी त्या वर्षात तरसाने दोघांना नेले. त्यांचे रोग साधे होते. नियमाचा रोग तसा नव्हता.

पुढच्या वर्षी चिंचा पिकल्या आणि घोरपडीला परत आणण्याच्या ठरावासाठी रांग लागली. जुना ठराव मोडायचा होता, म्हणून ज्याला घोरपड परत हवी होती त्याने चिंचोका ऐनातच टाकायचा होता. कोल्हा सागाशेजारी आपल्या जागेवर बसला होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिल्लांची चौकशी करत होता. सगळे तयार होते. पण पहिला नंबर कोणालाच नको होता. जो तो मागच्याला म्हणत होता, "तुम्ही व्हा पुढे."

सशीण पुढे झाली. तिची भीती गेली होती असे समजू नका. ती आदल्या वर्षीएवढीच होती, आणि चिंचोका तसाच ओला झाला होता. सूर्य मावळायला थोडाच वेळ होता, आणि कोल्हा तिच्याकडेच बघत होता. तिने चिंचोका वर धरला, दाखवला आणि ऐनाच्या रिकाम्या ढोलीत सोडला.

'टक.'

बगळे उडाले. सशीण दचकली; सवयच ती. मग मागे वळून न बघता ती ढोलीपाशीच बसून राहिली. थोड्या वेळाने तिच्या कानावरून कोणाचा तरी श्वास गेला आणि दुसरा आवाज झाला. तो हरिणीचा होता. मग रानडुकराचा, भेकराचा, साळिंदराचा. प्रत्येक आवाज आधीच्यापेक्षा बारीक होत गेला. मग आवाज येईनासाच झाला, कारण ढोली भरत आली होती.

निकालानंतर घोरपडीला मिरवत आणायला सगळे ओढ्यावर गेले. पण ती आधीच अलीकडे आली होती. कासवाला दोन दिवस ढाळ लागले होते आणि त्याने ते कोणाला सांगितले नव्हते. मागे बुंध्यांपाशी राहिलेल्या त्याच्यासमोर बसून ती जीभ हवेत फिरवत होती.

"तोंड उघडा, तात्या," ती म्हणाली. "डोहाचं पाणी?"

तात्पर्य : ज्याने आपल्याला वाचवले त्याचे नाव भीतीपोटी लपवले, तर आपला जीव वाचतो, पण आपल्यामागून येणाऱ्याचा जातो, आणि सगळेच भीत असतील तर पहिला आवाज सर्वांत भित्र्यानेच करावा, त्याला भीतीची सवय असते.